श्रीपूर, एकाच तोंडातून

स्पीकर तपासायला ‘हॅलो’ हा शब्द ज्यानं निवडला, तो स्वतः स्पीकर भाड्यानं देणारा असणार. कारण या शब्दात कुठलाच स्पीकर नापास होत नाही. ‘हॅ’ला तोंड पसरायचं, ‘लो’ला गोल करायचं, दोन्ही स्वर धष्टपुष्ट, फाटक्या पडद्यातून आणि गंजलेल्या कर्ण्यातूनही ओळखू येतील असे. हा आधीच फुटलेला पेपर आहे. ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग’ झालं की साउंडवाला समाधानानं तंबाखू मळायला घेतो, सूत्रसंचालक माईक हातात घेतो, आणि पुढचे दोन तास मांडवातल्या लोकांना एवढंच कळतं की कोणाचा तरी कशाबद्दल तरी सत्कार झाला. म्हणून माझं म्हणणं असं की तपासणीचा शब्द बदलला पाहिजे. त्याहून पुढचं म्हणणं असं की कर्ण्याच्या स्पीकरमध्ये मधल्या युनिटाला, म्हणजे साउंडवाले ज्याला नुसतं ‘मिड’ म्हणतात त्याला, कुठून कुठपर्यंतचे आवाज सोपवायचे हा किचकट प्रश्नही एका शब्दानं सुटतो. तो शब्द सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात सापडतो. तो शब्द म्हणजे श्रीपूर.

गावाची निवड उगाच केलेली नाही. श्रीपूर हे साखर कारखान्याचं गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली, तिच्या कारखान्याचं हे गाव, आणि कारखान्याच्या गावाला भोंगा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. घोटाळा असा की मराठीनं कारखान्याच्या शिट्टीलाही भोंगा म्हटलं आणि माणसाचं बोलणं लांब नेणाऱ्या कर्ण्यालाही भोंगाच म्हटलं. पहिल्या भोंग्याला एकच गोष्ट सांगायची असते, ‘पाळी बदलली’. तिला एक स्वर पुरतो. दुसऱ्याला मात्र नावं, आकडे, तारखा आणि मान्यवरांच्या पदव्या सांगायच्या असतात. पण नाव एकच असल्यामुळे लोक दुसऱ्याकडूनही पहिल्याचंच काम मागतात: लांब ऐकू गेला की झालं. काय ऐकू गेलं, हे कोणी विचारत नाही.

आता ‘श्रीपूर’ हा शब्द जरा सावकाश उच्चारून पाहू. सुरुवातीचा ‘श’ हा स्वर नव्हेच, ती हवेची सरसर आहे, आणि तिचा जोर साधारण २५०० ते ५००० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं, या पट्ट्यात असतो. ‘ई’ म्हणताना तोंडाच्या पोकळीत दोन ठिकाणी आवाज घुमतो: एक ३०० हर्ट्झच्या आसपास आणि दुसरा २२०० च्या वर. ‘पू’मधला ‘ऊ’सुद्धा खाली ३०० लाच घुमतो, पण वर त्याचं दुसरं ठिकाण जेमतेम ८००-९०० असतं. म्हणजे ‘ई’ आणि ‘ऊ’ तळघरात शेजारी राहतात आणि माडीवर मात्र एकमेकांपासून फार लांब. चार अक्षरांचासुद्धा नाही असा हा शब्द, पण त्याची एक तंगडी ३०० वर आणि दुसरी ४००० च्या पुढे. मराठी बोलण्याचा बहुतेक अर्थ या दोन खुंट्यांच्या मध्ये टांगलेला असतो. जुन्या टेलिफोनवाल्यांनी हे कधीच ओळखलं होतं. त्यांनी ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा तारेवरून पाठवला आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्यांचं बोलणं, भांडणं, लग्नं जमवणं हे सगळं बसवलं.

मोठ्या स्पीकरमध्ये तीन भाऊ नांदतात. थोरला बास: अंगानं दांडगा, बोलणं कमी, धक्का जास्त. धाकटा ट्वीटर: किडकिडीत, चटपटीत, सतत चुरचुरणारा. आणि मधला मिड, जो घर चालवतो. कोणत्याही दिंडीत ही व्यवस्था दिसते. तुकोबांची पालखी आषाढीला अकलूज, माळीनगर, बोरगाव अशी याच टापूतून पंढरपूरकडे जाते. तिच्यातला पखवाज खालचं सांभाळतो, टाळ वरचं सांभाळतात, आणि अभंग मात्र गळ्यातूनच येतो. टाळकऱ्यानं टाळातून अभंगाचे शब्द काढावेत अशी अपेक्षा कोणी करत नाही. स्पीकर बांधताना मात्र नेमकं हेच होतं. थोरल्याला जास्त रान हवं म्हणून मधल्याची खालची पट्टी त्याला जाते, धाकट्याच्या युनिटावर कंपनीनं तसं छापलंय म्हणून वरची पट्टी त्याला जाते, आणि घर चालवणाऱ्याच्या वाट्याला रस्त्यालगतचा तुकडा येतो. ही वाटणी करणाऱ्या उपकरणाला क्रॉसओव्हर म्हणतात. आपल्याकडे त्याला तलाठी म्हटलं असतं.

मग मधल्याला पाहिजे तेवढं रान द्यावं, असं कोणी म्हणेल. पण कर्णा हा हिशेबी प्राणी आहे. तो आपल्या तोंडाबाहेरचा घास घेत नाही. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो, त्यामुळे १०० हर्ट्झची एक लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब भरते आणि १००० हर्ट्झची ३४ सेंटिमीटर. कर्ण्याच्या तोंडाचा घेर एका लाटेइतका असला तर ती लाट सुखानं बाहेर पडते. नाहीतर ती तोंडाशी येऊन परत फिरते आणि आतल्या आत घोळ घालते. शिवाय कर्णा ज्या आकड्यावर जीव सोडतो त्याच्या थोडं वर थांबणं शहाणपणाचं. म्हणून ३०० पासून काम हवं असेल तर कर्णा २४० चा धरावा. हिशेब केला तर तोंडाचा व्यास ४५ सेंटिमीटर येतो, आणि एक इंची गळ्यापासून तिथपर्यंत नीट रुंदावत जायला लांबी ६५ सेंटिमीटर लागते. दीड फूट तोंड, दोन फुटांहून थोडी जास्त लांबी: टेम्पोत बसतं, दोन माणसांना उचलतं. हाच कर्णा १०० पर्यंत उतरवायचा म्हटलं तर तोंड साडेचार फूट आणि लांबी नऊ फूट होते. असा कर्णा लग्नाच्या मांडवात न्यायचा नसतो, त्याच्यात मांडव घालायचा असतो. घडी घालून त्याला लहान करता येतं, मशिदी-देवळांवरच्या भोंग्यात तेच केलेलं असतं. पण घडी घातल्यानं लांबी लपते, तोंड तेवढंच लागतं.

लोभ करणाऱ्याला तोंड अडवतं, तसा पडदाही अडवतो. तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली काढायचा तर, कर्ण्याचा आधार सुटल्यावर, पडद्याला चौपट हलावं लागतं. दोन सप्तकं खाली गेलं की सोळापट. १००० ला अंगणात शतपावली घालणारा पडदा २५० ला वारीला निघतो, आणि ज्या युनिटाला केसाएवढी हालचाल नेमून दिलेली असते ते वाटेतच निकामी होतं. इथे हमखास येणारा आक्षेप असा की पुरुषाच्या गळ्याचा मूळ सूर १०० ते १५० हर्ट्झचा असतो. ३०० च्या खालचं थोरल्याला दिलं तर बोलणाऱ्याचा अर्धा गळा बासच्या खोक्यात गेला नाही का? गेला, पण त्यानं बिघडत नाही. टेलिफोनवर वडिलांचा मूळ सूर कधीच येत नव्हता; तारच तो नेत नव्हती. तरी पलीकडे वडीलच आहेत हे पहिल्या हुंकारात कळायचं आणि पाठ ताठ व्हायची. वरच्या सुरांच्या अंतरावरून कान खालचा मूळ सूर मनानंच भरून काढतो. म्हणजे ३०० च्या खाली जे हरवतं ते कान उसनं देतो. ३०० च्या वर जे हरवतं ते कोणीच देत नाही.

आता वरची हद्द. ती ठरवताना दोन गावं आठवावीत: श्रीपूर आणि सोलापूर. ‘श’चा मुख्य जोर मिडच्या आवाक्यात येतो, ‘स’ मात्र बहुतेक ४००० च्या वर, थेट ट्वीटरच्या अंगणात. म्हणजे जिल्ह्याच्या गावाचा उच्चार धाकट्याच्या हातात आणि तालुक्यातल्या गावाचा मधल्याच्या, अशी निसर्गानंच केलेली वाटणी आहे. ‘साठ’मधला ‘स’ गळाला की ‘आठ’ उरतं. टेलिफोनवर हे आकडे दोनदा विचारावे लागत ते त्यामुळेच. जत्रेच्या मांडवात वर्गणीदारांची नावं वाचली जातात तेव्हा ट्वीटर मेलेला असेल तर साठ रुपये देणारा आठ रुपये दिल्याचं जाहीर झालं म्हणून भांडायला येतो. म्हणून धाकटा हवाच. पण त्याला ४००० च्या वर ठेवावं, कारण साधारण २००० ते ५००० हा कानाचा सगळ्यात चिकित्सक पट्टा आहे. कानाच्या नळीची लांबीच अशी आहे की तिच्यात ३००० च्या आसपासचे आवाज आपोआप फुगतात. चिकित्सक सासूच्या समोर दोन सुनांनी मिळून एक भाकरी थापू नये, एकीनंच थापावी.

वरच्या हद्दीची अडचण अशी की मिडचा पडदा खाली उतरायला मोठा हवा आणि वर चढायला लहान. ४००० ला लाट साडेआठ सेंटिमीटरची असते. आठ इंची पडद्याच्या काठावरून निघालेला आवाज आणि मधून निघालेला आवाज कर्ण्याच्या गळ्याशी वेगवेगळ्या वेळी पोचतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात. त्यांना वेळेवर आणण्यासाठी मध्ये खाचांचा एक गोळा बसवतात, फेज प्लग. शाळेत पोरांना रांगेनं सोडतात तसं तो आवाजाला वेगवेगळ्या वाटांनी सारख्याच अंतरानं बाहेर सोडतो. तरीही आठ इंचीकडून दोन-अडीच हजारांपेक्षा जास्त मागू नये. पाच-सहा इंची असेल तर तो चार हजारांपर्यंत साथ देतो. त्याला खाली ३०० पासून बोलवायला कर्ण्याचा भक्कम आधार लागतो, आणि तो आधार म्हणजे वर सांगितलेलं दीड फुटी तोंड. सगळी मोजमापं अशी एकमेकांच्या गळ्यात अडकलेली आहेत. एकाला ओढलं की दुसरा ठसकतो.

इथे जाणकार मंडळी उठून उभी राहतील. सिनेमाची थिएटरं वर्षानुवर्षं दोनच वाटण्यांवर चालली, मग तुमचा तिसरा भाऊ कशाला? खरं आहे. १९४५ साली आलेल्या आल्टेक कंपनीच्या ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ या प्रसिद्ध स्पीकरांत हद्द ५०० हर्ट्झला असायची आणि तिच्या वरचं सगळं एकाच कर्ण्याला. पण ही हद्द कुठे आखली ते पाहा. ‘श्रीपूर’चं तळघर तेवढं थोरल्याकडे गेलं, माडी, जिना आणि गच्ची, म्हणजे ‘ऊ’चं ८००, ‘ई’चं २२०० आणि सगळा ‘श’, एकाच तोंडात राहिलं. नावातच आवाज असलेल्या त्या स्पीकरनं शब्द फोडला नव्हता. फोडतात ते आजचे दोन वाटण्यांचे खोके, ज्यांची हद्द १२०० च्या आसपास असते, कारण स्वस्तातलं एक इंची युनिट त्याच्या खाली उतरत नाही. १२०० म्हणजे ‘ऊ’ आणि ‘ई’ यांच्या बरोबर मधून. तिथे कुदळ मारली की ‘श्री’ वरच्या युनिटातून येतो आणि ‘पूर’ खालच्यातून. बाजूला बसलेल्या माणसाला नुसतं ‘श्री’ ऐकू येतं आणि पुढे काय शुभकार्य आहे याची तो वाट पाहत राहतो. महाळुंग-श्रीपूर नगरपंचायतीच्या नावात जोडरेघ आहे, पण ती महाळुंग आणि श्रीपूर यांच्यामध्ये आहे. ‘श्री’ आणि ‘पूर’ यांच्यामध्ये नाही. नगरपंचायतीला जे कळतं ते स्पीकर कंपनीला कळायला हरकत नसावी.

याच मंडळींचा दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. हद्द ४००० ला नेली की तिथली लाट साडेआठ सेंटिमीटरची, आणि दोन कर्ण्यांच्या तोंडांमध्ये अंतर फूटभर तरी असणारच. मग दोघांचे आवाज कुठे जुळतात, कुठे कापतात, आणि मांडवात पट्टेपट्टे पडतात. १२०० ला लाट मोठी असल्यानं हा त्रास कमी. आक्षेप बरोबर आहे आणि त्याला खोडून काढता येत नाही. फक्त वळवता येतो. कर्णे एकावर एक ठेवले तर हे पट्टे उभ्या दिशेनं पडतात, आडव्या दिशेनं नाही. माणसं सभेला आडवी पसरून बसतात. एकावर एक फक्त एसटीत बसतात. झाडावर चढून तमाशा पाहणाऱ्यांचं थोडं नुकसान होईल, पण त्यांनी तिकीटही काढलेलं नसतं.

हद्द ठरली तरी बांध कसा घालायचा हे उरतंच. साधा क्रॉसओव्हर म्हणजे सप्तकाला सहा डेसिबलचा उतार, मातीचा बांध. त्याच्या पलीकडे एक सप्तक गेलं तरी पाचवा हिस्सा शक्ती झिरपतच असते. मिडला ३०० ची हद्द दिली म्हणून तो सुरक्षित राहत नाही, १५० चे धक्के त्याच्या कानशिलात बसतात. सिगफ्रिड लिंकविट्झ आणि रस रायली यांनी १९७० च्या दशकात रूढ केलेला चोवीस डेसिबलचा उतार हा दगडी बांध; तिथे सप्तकभर पलीकडे तीनशेव्या हिश्शाच्या आसपासच काही पोचतं. बांध कोरण्यावरून ज्या मुलखात कोर्टाच्या तारखा पिढीजात चालतात, तिथे पक्का बांध घालण्याचं महत्त्व कोणाला पटवून द्यावं लागू नये.

राहता राहिला बास, आणि बासचे भक्त. त्यांचं म्हणणं असं की मिड-बिड ठीक आहे, पण लोकांना छातीत धडधड लागते. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर रात्री येतो तेव्हा आधी खिडकी थरथरते, मग गाणं वाजतंय हे कळतं, आणि कुठलं गाणं ते तो निघून गेल्यावरही कळत नाही. भिंतीतून आरपार जातो तो बास. शब्द भिंतीशी थांबतात. याचं पुढचं रूप म्हणजे मिरवणुकीतली ती खोक्यांची भिंत, जिला आपण ‘डॉल्बी’ म्हणतो. रे डॉल्बी या गृहस्थानं १९६५ साली कंपनी काढली ती ध्वनिफितीवरची खरखर कमी करण्यासाठी. आयुष्यभर नको तो आवाज कमी करण्यात गेलेल्या माणसाचं नाव आपण कोणाला दिलं, हे त्याला कळलं नसेल तर बरं. मुद्दा शक्तीचा आहे. ५० हर्ट्झचा सूर नुसता ऐकू येण्यापुरता व्हायला ३००० च्या सुरापेक्षा ४० डेसिबलहून जास्त लागतात, म्हणजे दहा हजारपटीहून अधिक शक्ती. जनरेटरचं डिझेल, टेम्पोचं भाडं आणि पोलिसांची नोटीस, तिन्ही खर्च थोरल्याच्या नावावर पडतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल दिलेत. दोन माणसं हातभर अंतरावरून बोलतात तेच साठच्या घरात जातं. एवढ्या तुटपुंज्या शिधावाटपात काय शिजवायचं, याचं उत्तर मिड हेच आहे, कारण तेवढ्याच डेसिबलांत सगळ्यात जास्त अर्थ तोच पोचवतो.

शेवटचा आक्षेप तरुणांचा: आता सगळं मोबाईलवरून सरळ करता येतं, कर्णा चुकला तरी इक्वलायझरनं भरून काढू. पण कर्ण्याच्या तोंडात न मावणारी लाट इक्वलायझरनं मोठी केली म्हणून तोंड मोठं होत नाही. पडदा मात्र दुप्पट उडतो. खतानं पीक वाढतं, सातबाऱ्यावरचं क्षेत्र वाढत नाही. आणि ज्या भोंग्याला सगळे हसतात त्यानं हे केव्हाच मान्य केलंय. देवळावरचा तो एकटा, घडीचा कर्णा ३०० च्या खाली जात नाही, ‘स’ही धड म्हणत नाही, नाकात बोलतो, पण मधला पट्टा सोडून दुसऱ्या कशाचा मोह त्याला पडत नाही, म्हणून थोड्याच वॉटमध्ये त्याचं बोलणं शिवारापलीकडे जातं. भावांशिवाय राहिलेला मिडच तो.

म्हणून वाटणीचा दाखला असा लिहावा: खाली ३००, फार तर ५००, वर ४०००, मध्ये कुदळ चालवायची नाही. आणि मांडवात स्पीकर लागला की ‘हॅलो’ म्हणू नये. कारखान्याच्या शिट्टीलाही कोणी शिकवलं तर ‘हॅलो’ म्हणता येईल. ‘श्रीपूर’ म्हणावं. ते शेवटच्या रांगेत ‘श्री’पासून ‘र’पर्यंत एका तोंडातून आलं, तर सत्कार कोणाचा आहे हे लोकांना कळेल. मग तो का झाला, हा पुढचा प्रश्न. तो कुठल्याच युनिटाकडून सुटत नाही.